कोपऱ्यातलं पिंप

ओदिलबाईंची वाइन कुठल्याही दुकानात मिळत नाही. फ्रान्समधल्या आर्बुआहून जुराच्या डोंगरात चढणाऱ्या रस्त्यावर गावाने त्यांच्या घराकडे बाण दाखवणारी पाटी लावली होती. ती म्हातारीने तिसऱ्याच दिवशी उपटली. ज्याला हवी त्याने खाली चीजवाल्याकडे विचारायचं, मग दारात उभं राहून खिडकीतून येणाऱ्या प्रश्नांना तोंड द्यायचं. कुणी पाठवलं? पिशवीत काय आहे? पॅरिसचा एक गृहस्थ चव घेता घेता टिपणं काढू लागला, तर बाईंनी त्याच्या हातातला पेलाच काढून घेतला. त्यांच्या मते वही बाळगणारा माणूस एक तर करखात्याचा, नाही तर चोर.

तळघरात वाइन असलेल्या नऊ पिंपांपैकी एकावरही त्यांनी खडूची रेघ ओढलेली नव्हती. कशात काय आहे हे चोराला का सांगा? त्यातली आठ दर आठवड्याला काठोकाठ भरायची. लाकूड जेवढं पितं तेवढं वरून घालायचं. कोपऱ्यातलं नववं मात्र भरायचंच नाही. ती पिवळी वाइन. सहा वर्षं ती आटत राहते, वर पातळ साय धरते, आणि त्या सायीखालीच तिला अक्रोडाचा वास येतो. हे पिंप त्यांचा नवरा गास्तों याने मरणाआधी तीन आठवडे स्वतःच्या हाताने भरलं होतं. "पहिला पेला तुझा," म्हणाला होता. सहा वर्षं पुरी व्हायला आता दोनच महिने उरले होते.

आठ दिवस तापात काढून बाई तळघरात उतरल्या. सवयीने कोपऱ्यातल्या पिंपावर बोटाच्या पेराने ठोकलं, मग पुन्हा ठोकलं. आवाज पोकळ यायला हवा होता. पिंप गच्च भरलेलं होतं.

चोरी! चांगली काढून नेली आणि वर फालतू ओतली. बाई तशाच कुंपणाशी गेल्या आणि शेजारच्या फेर्नांला गाठलं.

"परवा माझ्या घरात कशाला आला होतास?"

"सूप द्यायला, वहिनी. तुम्हीच प्यायलात."

"आणि जाताना काय नेलंस?"

"रिकामं भांडं! तेही तुम्ही दोनदा उलटं करून बघितलंत." फेर्नां वैतागला. "अहो, चोर पिंप रिकामं करतो, भरतो होय? भरायची सवय कुणाला आहे, ते घरात बघा."

घरात सून होती. मारियोन. बरगंडीची, बाप जन्मभर तळघरांत राबलेला. तीन वर्षांत बाईंनी तिला तळघराची पायरी उतरू दिली नव्हती; माहेरी जाऊन काय काय सांगेल, कुणी बघितलंय!

मारियोन बटाटे सोलत होती.

"तळघराची किल्ली कुठे सापडली?"

"अक्रोडांच्या टोपलीत. तुम्ही दिवसभर त्या टोपलीकडे बघता आई, पण अक्रोड एकही खात नाही."

"कुणी सांगितलं होतं नसते उद्योग करायला?"

"तुम्ही तापाने फणफणत होता. म्हटलं, आठवड्याची भर चुकायला नको. आठांना थोडी थोडी लागली. कोपऱ्यातलं पाव रिकामं होतं." मारियोनने सुरी खाली ठेवली. "मला वाटलं, तुम्ही विसरायला लागलात. तुमच्या मुलाला कळलं असतं तर त्याने तुम्हाला खाली उतरू दिलं नसतं. म्हणून गुपचूप भरलं."

बाईंच्या ओठांवर आलेली शिवी तिथेच विरली. एक रेघ ओढली असती तर पोरीला कळलं असतं. चोरासाठी लावलेल्या सापळ्यात घरचंच माणूस सापडलं होतं, आणि त्यापायी गास्तोंचं शेवटचं पिंप गेलं होतं. बाई सुनेसमोरच ढसाढसा रडल्या.

मग तिला घेऊन खाली गेल्या. पिंपातून एक पेला काढला. साय बुडाली होती. अक्रोडाचा वास होता, पण लांबून आल्यासारखा.

"गास्तोंबाबा असते तर रागावले असते?" मारियोनने विचारलं.

"हसला असता मेला. म्हणायचा, तू एक दिवस स्वतःवरच पहारा बसवशील." बाईंनी पेला तिच्या हातात दिला. "पी. नंतर हात दे."

त्यांनी तिची बोटं धरून आधी भरल्या पिंपावर ठोकली, मग शेजारच्या धुऊन ठेवलेल्या रिकाम्या पिंपावर. "ऐकलंस? यंदाची याच्यात भरू. हा पोकळ आवाज दर वर्षी जरा वाढला पाहिजे. सहा वर्षांनी मी असेन, नसेन."

वर आल्यावर त्यांनी किल्ली पुन्हा लपवलीच, पिठाच्या डब्यात. फक्त या वेळी मारियोनच्या देखत.