ताईंनी फोडलेली ताटली

इथे सौदीत, जुबैलला आमच्या वरच्या मजल्यावर एक ताई राहायच्या, पुण्याच्या, खूप शिकलेल्या. कुठल्या तरी लांबच्या देशातल्या जुन्या माया लोकांचा अभ्यास करायच्या. राजाबिजाचं काही नाही, बायका काय रांधायच्या, केर कुठे टाकायच्या, एवढंच. "अगं बघ," म्हणून सुरू व्हायच्या, "त्या मका चुन्याच्या पाण्यात शिजवायच्या." मी म्हणायचे, "चुन्यात? आतडी जळली नाहीत त्यांची?" तर इतक्या खूश व्हायच्या की मला कळायचंच नाही, मी शहाण्यासारखं बोलले की वेड्यासारखं.

मग त्यांच्या मिस्टरांच्या जागी कंपनीने सौदी माणूस घेतला. जायच्या दिवशी त्यांनी भांडी न्यायला बोलावलं म्हणून मी बाळाला कडेवर घेऊन वर गेले, तर ताईंनी माझ्यासमोर चांगली काचेची ताटली उंबऱ्यावर आपटली. मी किंचाळलेच.

"माया लोक घर सोडताना भांडी फोडायचे," त्या म्हणाल्या. "खोदताना तुकडे सापडतात."

"मग घर सुटतं का हो, ताई?"

"ते तुकड्यांवरून कळत नाही गं."

आणि बाळाला लागू नयेत म्हणून खाली बसून तुकडे वेचायला लागल्या. उरलेल्या ताटल्या त्यांनी मला दिल्या. घ्याव्यात की नको मला कळेना, कारण आमच्या ह्यांच्या ऑफिसातही सौदी भरती चालू झालीय आणि ह्यांचा इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, पुढे वाढेल की नाही, कुणी सांगत नाही.

"घे की वेडे, जेवायला होतील."

घेतल्या. रोज त्यातच जेवतो आम्ही, पण धुताना एखादी हातातून सुटेल म्हणून अशी धडधड होते की काय सांगू.