न भरलेली टाळू

सकाळी गुड्डीचे केस विंचरले. डोळ्यांवर येणारी झुलपं वर घेऊन रबर लावला. मग दारात बसून दोघांनी दहीभात खाल्ला, थोडा तिनं, थोडा मी. उठली, भिंतीला डोकं टेकवलं आणि तशीच उभी राहिली. हाक मारली तर वळेना.

मी हुबळीजवळ उणकलला शित्झू पाळतो. बसक्या नाकाची, गोल डोक्याची केसाळ कुत्री. शाळा माझी चौथीपर्यंत, पण या धंद्यात बरीच वर्षं आहे. लोक मादी आणतात, नर माझा. त्याबद्दल पहिलं पिल्लू मी निवडायचं, ही आमची रीत. नाक जेवढं आत, डोकं जेवढं गोल, तेवढं पिल्लू देखणं. गुड्डी तशीच निवडलेली. आताचा नर शेरू तिच्याच पोटचा.

गुड्डी आणली तेव्हा तिच्या डोक्याच्या मधोमध बोट दबायचं. बायको, सरू, म्हणाली, "बाळाची टाळू आहे ती. भरेल." रोज तेलाचं बोट ठेवायची. आम्हाला मूल नव्हतं. सरू गेली, तेल मी लावत राहिलो. टाळू काही भरली नाही.

धारवाडला जनावरांच्या दवाखान्यात नेताना तिला रिक्षातच झटका आला. पाय ताठ, तोंडाला फेस.

"अज्जा, चावेल री ते!" रिक्षावाला ओरडला.

"चावू दे. तू गाडी हाण."

डॉक्टरीण बाईंनी त्या मऊ जागेवरच सोनोग्राफीचं यंत्र टेकवलं. "अज्जा, इथं हाड नाही म्हणून आतलं दिसतंय. हे काळं सगळं पाणी."

"आणि मेंदू?"

"कडेला चेपलाय."

त्यांनी समजावलं. माणसानं निवडून निवडून या कुत्र्यांची कवटी आखूड केली. आत जागा कमी. मेंदूतलं पाणी वाहून जायची वाट अडते, ते साचतं, मेंदूला दाबतं. बऱ्याचदा हे आईबापाकडून येतं.

"तेल लावत होतो, बाई."

"तेलानं काही बिघडलं नाही. सुधारणारही नव्हतं. हिची पिल्लं आहेत?"

 शेरू झाला तेव्हा सरू अंथरुणाला खिळलेली. त्याची टाळू कुणी बघितलीच नव्हती. आणि शेरूची पिल्लं नवनगरात, धारवाडात, कुठं कुठं गेलेली.

तिथंच दुसरा झटका आला, तो थांबलाच नाही. दुपारी गुड्डी गेली.

घरी आलो तर शेरू अंगावर उड्या मारायला लागला. मी हात मागं घेतला. त्या दिवशी त्याच्या डोक्याला हात लावायची छाती झाली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी हुबळीचा एक कापडवाला मादी घेऊन दारात हजर. "अण्णा, ठरल्याप्रमाणं आलो बघा."

शेरूला मांडीवर घेतलं. केस बाजूला केले. बोट ठेवलं. आत गेलं.

"धंदा बंद," म्हटलं.

"याक री? का म्हणून?"

"इथं दाबून बघा."

त्यानं दाबलं आणि चटका बसल्यागत हात काढला. मग म्हणाला, "तेल लावा की थोडं. भरेल."

त्याला मादीसकट परत पाठवलं. तेव्हापासून पिल्लू घेणाऱ्यांना एवढंच सांगतो, नाक नंतर बघा, आधी डोकं चाचपा.

त्याच दिवशी रिक्षा बोलावली. शेरूला घेऊन धारवाडला गेलो. बाईंना म्हटलं, "याचं डोकं तपासा. आणि काही निघो न निघो, नसबंदी करून टाका."