बाटलीबाईंची तीन लेबलं

ऑफिसात त्यांना बाटलीबाई म्हणत. तोंडावर नाही, पण त्यांना ते ठाऊक होतं. कारखान्यांच्या टाक्यांमधून तेलाचे नमुने काढायचे, बाटल्या सील करायच्या आणि तेलात गंधक किती ते तपासायला प्रयोगशाळेत पाठवायच्या, हे त्यांचं चोवीस वर्षांचं काम. गंधकाची मर्यादा शेकडा एक. त्याहून जास्त गंधकाचं तेल स्वस्त पडतं, आणि ते जाळलं की चिमणीतून निघतं ते आसपासच्यांच्या छातीत जाऊन बसतं. इतकं साधं आहे हे, आणि इतक्या साध्या गोष्टीपायी बाईंच्या नाकी नऊ आले होते.

कारण कापड रंगवण्याच्या कारखान्यामागच्या गल्लीत त्यांचा थोरला भाऊ राहायचा. दोन जिने चढताना दादाला चार वेळा बसावं लागे. "मी जिना हप्त्याहप्त्यानं चढतो," तो हसत सांगायचा. त्याच्या या थट्टेनं बाईंच्या जिवाची काहिली व्हायची. आपण तपासणी खात्यात, बाटली आपल्या हातात, आणि आपलाच भाऊ खोकून खोकून अर्धा झालाय!

त्या कारखान्यात बाई नऊ वेळा गेल्या आणि नऊ वेळा हात हलवत परत आल्या. तिथली चलाखी सगळ्या ऑफिसला पाठ होती. फाटकावर रखवालदार रजिस्टर शोधायचा, मग पास, मग हेल्मेट, मग मापाचे बूट. अर्धा तास सहज जायचा. तेवढ्यात आत बॉयलरचा नळ दुसऱ्या टाकीवर फिरवलेला असायचा. त्या टाकीत असायचं दाखवायचं तेल. मॅनेजर साळसूदपणे म्हणायचा, "घ्या ना मॅडम, हवं तेवढं घ्या."

दहाव्या वेळी बाई सगळ्या तयारीनिशी गेल्या. पास आदल्या दिवशीच काढला होता, हेल्मेट-बूट स्वतःचे, आणि तिन्ही बाटल्यांची लेबलंही ऑफिसातच लिहून ठेवलेली. तारीख, टाकी, सीलचा नंबर, सगळं. लेबल जागेवरच लिहावं असा नियम आहे. पण टाकीवर हात तेलानं माखतात, कागदावर शाई धरत नाही. हा नियम लिहिणारा कधी टाकीवर चढला होता का?

रखवालदार तोंड उघडायच्या आत बाई शिडीवर होत्या. तेल काळं, दाट, वासानं डोळ्यांत पाणी येईल असं. तीन बाटल्या भरल्या: एक प्रयोगशाळेला, एक ऑफिसला, एक कारखान्याला. शेवटची, प्रयोगशाळेची, सील करताना तार तटकन तुटली. बाईंनी खिशातलं दुसरं सील आवळलं, घामाघूम झालेल्या मॅनेजरची सही घेतली आणि झपाझप उतरल्या.

अहवाल आला, शेकडा साडेतीन. बाईंना आनंदानं रडूच आलं. त्यांनी लगेच दादाला फोन लावला. "दादा, तो बॉयलर आता बंद झालाच म्हणून समज!"

तीन आठवड्यांनी सुनावणी झाली. मॅनेजरनं प्रयोगशाळेची बाटली मागून घेतली आणि सुनावणी घेणाऱ्या साहेबांपुढे ठेवली. "लेबलावर नंबराच्या शेवटी चार आहे, सीलवर नऊ. हे तेल आमचंच कशावरून?"

बाईंनी बाटली उचलून दोन्ही आकडे पाहिले. "साहेब, सील टाकीवर तुटलं, मी दुसरं लावलं. लेबल आधी लिहिलेलं होतं, नंबर बदलायचा राहिला. उरलेल्या दोन बाटल्या तपासा ना!"

"तिन्ही मिळून एक नमुना असतो, बाई. एक बाद तर सगळा बाद."

"मग साडेतीन टक्क्यांचं तेल आलं कुठून? माझ्या स्वयंपाकघरातून?"

"आवाज खाली. पुन्हा नमुना घ्या."

"आता कसला घेऊ? आता दोन्ही टाक्यांत दाखवायचं तेल असेल!"

"या ना मॅडम, कधीही या," मॅनेजर म्हणाला.

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. साहेबांचा राग आला, मॅनेजरचा आला, पण सगळ्यात जास्त आला तो स्वतःचा. एक आकडा खोडून दुसरा लिहायचा होता. पाच सेकंदांचं काम!

ऑफिस सुटल्यावर त्या थेट दादाकडे गेल्या आणि बसायच्या आधीच सगळं सांगून टाकलं.

"तू लेकीकडे जा राहायला," बाई म्हणाल्या. "कधीची बोलावतेय ती. हवा चांगली आहे तिकडे. खोलीही ठेवलीय तुझ्यासाठी."

"ती खोली गेली गं. तिनं सासूबाईंना आणलं तिथं, गेल्याच आठवड्यात."

"असं कसं? तुला न विचारता?"

"विचारलं होतं. तुझा फोन आला त्याच दिवशी. मीच नको म्हणालो. म्हटलं, माझी बहीण कारखाना बंद करतेय, मी कशाला घर सोडू?"

मग दादाला खोकल्याची उबळ आली. बाईंना पाणी आणायलाही उठवेना.