दारबाईंचा प्रश्न

विवाह नोंदणी कार्यालयात त्यांना सगळे तोंडावर बाई म्हणत आणि पाठीमागे दारबाई. कारण त्यांची एक खोड होती. नोंदणीला मंडळी आली की त्या नवरीला आपल्या खोलीत घेत, बाकीच्यांना बाहेर काढत, दार लावत आणि तिच्या हातात पाण्याचा पेला देऊन विचारत, "तुझी मर्जी आहे ना? नसेल तर मला सांग. बाहेरच्यांचं मी बघून घेईन." नियमात असं काही नव्हतं, सही झाली की काम झालं. पण सही धाकानेही होते, हे बाईंना पक्कं ठाऊक होतं. कोवळ्या वयात बापाच्या डोळ्यांकडे बघत त्यांनीही अशीच एक सही केली होती, आणि ते लग्न कसं निभावलं ते त्यांचं त्यांना माहीत.

खोलीतलं बोलणं खोलीतच राहायचं. बाहेर येऊन त्या फार तर एवढंच सांगत, "संमती नाही. आज नोंद होणार नाही." मग कुणी आदळआपट करो की पाया पडो. एका मामाने तर खुर्ची उचलली होती. बाई म्हणाल्या, "खाली ठेवा, सरकारी आहे."

त्या दिवशी मात्र बाहेरच्या बाकावर त्यांचा सख्खा मोठा भाऊ नवा कोट घालून बसला होता. त्याच्या मुलीची नोंदणी होती. नवरामुलगा म्हणजे भाऊ ज्या छापखान्यात राबत होता, त्याच्या मालकाचा एकुलता एक मुलगा. मालक शेजारी बसून टीव्हीवरच्या बातम्या बघत होते. एका बड्या देशाने शेजारच्या चिमुकल्या देशाची बंदरं अडवून धरली होती, आणि आज त्या देशाने मुकाट करारावर सही केली होती. पुढारी हातात हात घेऊन हसत होते.

"मिटलं एकदाचं," मालक म्हणाले. "राजीखुशीने झालं."

"बंदर अडवून राजीखुशी?" शिपाईकाका बाक पुसता पुसता पुटपुटले. "आमच्या बाईंकडे पाठवायला हवं होतं त्यांना."

भावाने बाईंना कोपऱ्यात गाठलं. "आज तुझं ते दारबिर नको. मालकांना अपमान वाटेल."

"दादा, मी सगळ्यांना विचारते. घरच्या पोरीलाच कशी वगळू?"

"मग ऐक. दार लावलंस तर माझं दार तुला बंद. आईच्या माघारी माहेर म्हणून तुला दुसरं आहे तरी काय?"

 त्या घराखेरीज बाईंना हक्काने जावं असं घर नव्हतं, हे खरंच होतं. त्यांनी भाचीचा हात धरला, तिला आत घेतलं आणि दार लावलं.

"मर्जी आहे ना गं तुझी?"

भाची लाजली. "माझी आहे, आत्या. मला तो शाळेपासून आवडतो."

बाईंचा जीव भांड्यात पडला. त्या उठायला लागल्या, तर भाची जागची हलेना. "पण ठरल्यापासून त्याने एकदा मान वर केलेली नाही. तू त्याला विचार ना."

"मुलाला?" बाई बघतच राहिल्या. मुलाला कोण धाक घालणार, अशी त्यांची इतक्या वर्षांची समजूत. आपण अर्ध्यांनाच विचारत आलो, हे त्यांना या पोरीने आज दाखवलं.

मुलाला आत बोलावलं. "हिच्यासमोर बोलशील?" त्याने मान डोलावली, पेला एका दमात रिकामा केला. "माझं मन दुसरीकडे आहे, आणि ती बाबांना चालत नाही. बाबा म्हणतात, हे लग्न केलं नाहीस तर तुझ्या आईला घराबाहेर काढीन. ते काढतील. मी इथे नाही म्हटलं तर संध्याकाळी आई रस्त्यावर असेल."

 नकार कुणाचा ते बाईंनी सांगितलं नाही तरी मालक मुलालाच धरणार, हे उघड होतं.  भाचीने डोळे पुसले. "आत्या, तू फक्त तुझं नेहमीचं वाक्य म्हण."

बाई बाहेर आल्या. "संमती नाही. आज नोंद होणार नाही."

मालक मुलाकडे वळले. "तू?"

"मी," भाची म्हणाली. "मला हे लग्न करायचं नाही. तुमच्या मुलाचा यात काही दोष नाही." तिचा आवाज जराही हलला नाही.

भावाचा हात वर गेला. बाई मध्ये जाऊन उभ्या राहिल्या, तसा तो खाली आला. "दोघींनी माझ्या घरात पाऊल टाकायचं नाही," एवढं बोलून तो मालकांच्या मागे धावला. मुलगा पायऱ्यांवर थांबला, मान वर करून त्याने भाचीकडे पाहिलं आणि हात जोडले.

बाईंचा ऊर अभिमानाने भरून आला. त्या वयात आपल्याला स्वतःसाठी जे जमलं नाही, ते ही पोर दुसऱ्याच्या आईसाठी करून बसली. माहेर गेलं ते गेलं. पण आपल्या घराण्यात अशी एक मुलगी निघाली, याचं त्यांना फार अप्रूप वाटलं. त्या तिला आपल्या दोन खोल्यांच्या घरी घेऊन आल्या. तिथे ती पोटभर रडली. बाईंनी तिला रडू दिलं.

दुसऱ्या दिवशी पहिली नवरी हसत बाहेर आली आणि शिपाईकाका सवयीने साक्षीदारांना आत सोडू लागले.

"थांबा," बाई पेला विसळत म्हणाल्या. "आता मुलाला पाठवा."