अळणी गाडीचा भाव

जगातल्या प्रत्येक वस्तूला एकच खरा भाव असतो आणि तो फक्त माझ्या आतोबांना ठाऊक असतो, याबद्दल सगळ्या पनवेलमध्ये दुमत नव्हतं. दुमत होतं ते एवढंच, की तो त्यांनी मोठ्याने सांगावा का. आतोबा म्हणजे माझ्या थोरल्या आत्याचे यजमान. गुरांच्या बाजारात पावत्या फाडण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. स्वतः त्यांनी जन्मात एक शेळीसुद्धा विकत घेतली नाही, पण रोज बैल विकले जाताना पाहून त्यांना समोर येईल त्याची किंमत करायचा चळ लागला होता. छत्री दिसली की छत्रीची, वरात दिसली की नवरदेव खाली उतरायच्या आत घोड्याची. माझ्या लग्नात सासऱ्यांनी मला घातलेली अंगठी त्यांनी एक डोळा मिटून पाहिली आणि सासऱ्यांनी दिलेला आकडा विचारून घेतला. मग भर मांडवात म्हणाले, "व्याहीबुवा, सोनार बिचारा बुडला हो! उद्या जाऊन वरचे पैसे देऊन या."

घोळ होता तो इथेच. भाव कमी करून आणणारी माणसं घरोघर असतात आणि त्यांना मानही असतो. आतोबांना भाव कमी नको होता, बरोबर हवा होता. भाजीवालीने वांगी स्वस्त सांगितली, की हे तिच्यावरच डाफरत, "अगं, अशी सकाळची वांगी कुठे या भावाला देतात? एक आणा वाढव!" मागे उभ्या असलेल्या बायका पिशव्या घेऊन पळत सुटायच्या. आत्याने त्यांना बाजारात पाठवणं केव्हाच बंद केलं होतं. मासळीबाजारात मात्र त्यांना देवासारखा मान. करंजा गावची एक कोळीण त्यांना हाक मारून पाटावर बसवायची आणि म्हणायची, "भाऊ, तुमी नुसतं बसा माज्या टोपलीपाशी. मना आज बोलायचा कटाळा आलाय."

पेन्शनीत निघाल्यावर बैल सुटले आणि आतोबा मोटारींकडे वळले. पुणे रस्त्यावर तेव्हा ट्रकांची वर्दळ वाढत होती आणि जुन्या गाड्यांचे सौदे चहाच्या टपरीवर व्हायचे. आतोबांना गाडी चालवता येत नव्हती. सायकलसुद्धा ते हातात धरून चालवत. पण त्यामुळे काही अडलं नाही, बैलाची सगळी परीक्षा त्यांनी जशीच्या तशी ट्रकाला लावली. पहाटेच, मालक दात घासत असताना, त्याच्या दारात हजर व्हायचं आणि आधी बॉनेटवर तळहात ठेवायचा. कोमट लागलं की निदान ठरलेलं : "ताप आहे. आम्ही यायच्या आधी उठवलीत ना हिला? गार गाडी कशी उठते ते मला बघायचंय." मग गाडीच्या खाली जमिनीवर तेल गळलंय का ते पाहायचं, कारण जनावराचं पोट आधी शेणावरून कळतं. मग धूर. धुराच्या नळीपुढे आपला धुतलेला पांढरा रुमाल धरून ते गंभीरपणे सांगत, "काळा धूर म्हणजे गाडी खादाड. निळा धूर म्हणजे तेल पिते, व्यसनी." आणि सगळ्यांत शेवटी, धोतर आवरून, गाडीखाली उताणे सरपटत जाऊन ते चासीला, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्याला, जीभ लावायचे.

हसू नका. आमच्या भागात मिठागरं पसरलेली. जुना ट्रक घ्यावा तर त्याने कधी ना कधी मीठ वाहिलेलंच असायचं, आणि मीठ वाहिलेली गाडी वरून नवरीसारखी रंगवली तरी खालून चाळणी झालेली असते. आतोबा गाडीखालून ओरडायचे, "खारट!" आणि गिऱ्हाईक काढता पाय घ्यायचं. एकदा त्यांनी अशा तीन गाड्या सलग चाटल्या आणि घरी येऊन आत्याला म्हणाले, "आज आमटीत मीठ घालू नकोस."

अशा माणसाला मी माझ्या सौद्याला नेलं. माझी पोह्यांची गिरणी होती. मुंबईच्या व्यापाऱ्याने स्पष्ट सांगितलं होतं, की माल दर सोमवारी वेळेवर पोचला तर ठीक, नाहीतर मी पेणहून घेईन. भाड्याच्या गाड्या ऐन वेळी दगा देत. थोडक्यात, स्वतःचा ट्रक नसेल तर गिरणीला कुलूप. होतं नव्हतं ते विकून मी चार हजार उभे केले होते आणि आपटा गावात एक लहानसा जुना डिझेल ट्रक बरोबर चार हजारांना निघाला होता. बायको म्हणाली, "कुणालाही न्या, आतोबांना नेऊ नका." पण फसायची भीती जास्त होती. वाटेत मी त्यांना बजावलं, "आतोबा, आपण घेणारे आहोत. भाव वाढवायचा नाही."

"छे! मी काय खुळा आहे?" आतोबा म्हणाले.

ट्रकाचा मालक आगरी, वयस्कर, डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. आता चालवणं जमत नव्हतं म्हणून गाडी विकायला काढलेली. तो मडगार्डवर हात ठेवून उभा होता, आणि पोरीला सासरी धाडताना बाप उभा राहतो तसाच दिसत होता. बॉनेट गार निघालं. हँडलच्या दुसऱ्या फेऱ्याला गाडी उठली. रुमाल जवळजवळ पांढराच राहिला. आतोबा खाली गेले ते बाहेर येईनात. मी वाकून पाहिलं तर चाटतच होते.

"अळणी!" ते शेवटी ओरडले. "अरे, साफ अळणी!"

म्हातारा हसला. "मिठाचा दाना नाय टाकला तिच्यात. मिठाची भाडी दारात चालून यायची, पन नाय."

मग आतोबांनी उपरणं सोडलं. बैलबाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत. कापडाखाली हात घालून एकमेकांची बोटं दाबतात. किती बोटं धरली, त्यावरून आकडा कळतो आणि चारचौघांत वाच्यता होत नाही. म्हाताऱ्याला दिसत नव्हतं, पण बोटं लगेच कळली. त्याचा चेहरा एकदम बदलला. त्याने हात मागे ओढला, आतोबांनी पुन्हा खेचून घेतला. मी मनात म्हटलं, पाडतायत भाव! टायरांचे पैसे सुटले! म्हातारा तर आता घामाघूम झाला होता.

"काय जाला?" त्याच्या बायकोने घाबरून विचारलं.

"हा बाबा येडा हाय!" म्हातारा ओरडला. "मी चार बोलतंय, हा पाच दाबतंय!"

मी दोघांच्या मध्ये घुसलो. "आतोबा! माझ्याकडे चारच आहेत!"

"मग चारची तुझी ऐपत झाली," आतोबा शांतपणे उपरणं झटकत म्हणाले. "गाडीची किंमत पाच."

मला त्या क्षणी आतोबांना त्या अळणी चासीखाली घालावंसं वाटलं. गिरणीचं कुलूप डोळ्यांपुढे दिसू लागलं. म्हातारा मात्र हसतच सुटला. हसून झाल्यावर म्हणाला, "चार द्या आन न्या. पन दर सोमवारी मना पुढं बसवून मुंबईला न्यायचा. मना हिचा आवाज ऐकायचा हाय."

मी घाईघाईने आतोबांकडे पाहिलं. त्यांनी एक डोळा मिटला, आकाशाकडे पाहिलं, ओठांतल्या ओठांत काही पुटपुटले. "पुढची जागा, जन्मभर," ते म्हणाले. "हजार. बरोबर आहे. जमलं!"

त्यानंतर कितीतरी वर्षं दर सोमवारी माझे पोहे वेळेवर मुंबईला गेले आणि पुढच्या बाकावर ते दोघे म्हातारे गेले. दोघे, कारण पहिल्याच सोमवारी आतोबाही उपरणं सावरत चढून बसले. एकाला दिसत नव्हतं आणि दुसऱ्याला गप्प बसवत नव्हतं. आतोबा रस्त्यावरच्या म्हशी, घरं, मोटारी यांचे भाव सांगायचे आणि म्हातारा मध्येच ओरडायचा, "ड्रायवर, गियर बदल, तिला दम लागलाय!"

आधी म्हातारा गेला. त्याच पावसाळ्यात आतोबा गेले. तिरडीचे बांबू आणले तेव्हा देणाऱ्याने भाव जास्त लावला की कमी, ते सांगायला कुणीच नव्हतं, आणि मला पहिलं रडू आलं ते त्या वेळी.

पुढे ट्रकही थकला. घ्यायला एक तरुण आला आणि आल्या आल्या म्हणाला, "अडीच हजार देतो." मी धोतर आवरलं, गाडीखाली शिरलो आणि चासीला जीभ लावली. अजून अळणी होती. पण इंजिन किती थकलंय ते मला ठाऊक होतं. "दोनची आहे," मी बाहेर येऊन म्हणालो. आत बायकोने कपाळावर हात मारल्याचा आवाज आला. मी खांद्यावरचं उपरणं काढून त्याच्याखाली हात पुढे केला. पोराला काही कळेना. त्याने त्या उपरण्याकडे पाहिलं आणि पैसे काढायला खिशात हात घातला. माझा हात तसाच उपरण्याखाली राहिला, बोटं मोकळी.