मोटरीला फोन कोण लावतं

आम्ही तिघी एका टेबलाभोवती बसून काम करतो. हात कामात, डोळे भिंगाखाली, तोंड मात्र मोकळं. संध्याकाळी टेबल झाडलं की तारांचे तुकडे निघतात, ते फेकून देता येतात. किस्से फेकता येत नाहीत, ते सोबत घरी येतात. माझ्या घरी आता जागा राहिली नाही म्हणून लिहून काढते.

आधी काम काय ते सांगते. हिंगोलीहून कनेरगाव नाक्याकडं जाताना रस्त्याला लागून आमचं पत्र्याचं शेड आहे. तिथं शेतातली मोटर फोनवर चालू करायचं खोकं बनतं. थ्री फेज लाईट आली की खोकं शेतकऱ्याला फोन करतं. शेतकऱ्यानं उलटा फोन लावला की मोटर चालू. लाईट गेली की आपोआप बंद. हे सगळं ज्याच्या जिवावर चालतं ते मोडेम म्हणजे बिस्किटाएवढा एक चौकोनी तुकडा. त्यात सिमकार्ड बसतं. तो बोर्डावर ठेवून त्याचे बारीक पाय सोल्डरनं पक्के करायचे, हे माझं काम. सर म्हणतात, "मोडेम म्हणजे खोक्याचे कान आणि तोंड. एक पाय सुटला तर खोकं मुकं."

सर शेडचे मालक, इंजिनिअर. पुण्याला एका कारखान्यात नोकरी करून परत आले. येताना तिथून एक नियम घेऊन आले. खोक्याच्या झाकणाच्या आतून जिची तिनं खूण काढायची. सुमनबाई चांदणी काढतात, रुखसाना चंद्रकोर, मी फूल. खोकं तक्रार होऊन परत आलं की जिचं असेल तिच्या खुर्चीमागच्या खिळ्याला टांगायचं. खुर्चीमागं खिळे तीन. तिन्ही भरले की घरी जायचं, परत यायचं नाही.

मला घरी जायचं नव्हतं. शेडात लागायच्या आधी मी दुसऱ्याच्या रानात खुरपायला जायची. माझ्या आरूला बांधावरच्या लिंबाखाली साडीच्या झोळीत निजवायची. एकदा झोळीच्या दोरीवरून विंचू खाली उतरताना बघितला. लेकराला काही झालं नाही, पण माझी झोप त्या दिवशी गेली ती गेलीच. आता आरू तीन वर्षांची आहे, घरी सासूजवळ असते. काम सुटलं की परत तो बांध.

* * *

कामावर घेताना सरांनी शिक्षण विचारलं. सातवी, म्हणाले मी.

"इंग्रजी वाचता येतं का?"

"अक्षरं येतात सर. त्याचे शब्द झाले की तकलीफ होती."

सरांनी बोर्ड हातात दिला. म्हणाले, "यावर शब्द नसतातच. अक्षरंच आहेत. उद्यापासून या."

रुखसाना दहावी पास आहे. तिला अजून वाटतं की बोर्डावरच्या अक्षरांचा काहीतरी अर्थ लागला पाहिजे. तिचा हात माझ्यापेक्षा हळू चालतो, तो त्याच्यामुळंच.

* * *

पहिला खिळा भरला तो औंढ्याकडच्या एका शेतकऱ्यामुळं. खोकं लागतच नाही, फोन लावला की "संपर्क क्षेत्राच्या बाहेर" म्हणतं, अशी तक्रार. सरांनी टेबलावर लावून बघितलं तर चांगलं चालतं. परत नेऊन दिलं. चार दिवसांनी पुन्हा तेच. तिसऱ्या वेळेस सर स्वतः रानात गेले.

विहिरीजवळ लोखंडी पेटी. पेटीला दोन कुलपं. पेटीच्या आत गोणपाट, गोणपाटात आमचं खोकं. मोडेमची अँटेना वाकवून गोणपाटाला सुतळीनं बांधलेली.

सरांनी त्याला समजावलं की लोखंडातून रेंज आत जात नाही. तो म्हणाला, "रेंज आत जात न्हाई म्हंजे चोर बी जात न्हाई. बराबर हाय."

खोकं परत आणून माझ्या खिळ्याला टांगलं. मी म्हणाले, सर, माझे पाय तर सगळे पक्के होते. सर म्हणाले की परत आलेलं ते परत आलेलं.

* * *

सुरुवातीच्या खोक्यांना कुणाचाही फोन चालायचा. फोन आला की मोटर चालू, मग तो कुणाचाही असो. एका शेतकऱ्याची मोटर दिवसातून तीनदा आपल्या मनानं चालू व्हायला लागली. त्याच्या बायकोनं विहिरीवर लिंबू उतरवून टाकलं. दोन दिवस फरक वाटला म्हणे, कारण मध्ये शनिवार-रविवार होता.

सोमवारी पुन्हा सुरू. सरांनी शोध लावला. मोडेममधल्या सिमवर कुठल्यातरी कर्जवाल्या कंपनीचे फोन येत होते. ती पोरगी बिचारी तिकडून "सर, आपल्याला लोन हवं आहे का" म्हणायची आणि इकडं सोयाबीनला पाणी सुटायचं.

शेतकरी सरांना म्हणाला, "तिला एकदाच सांगा, कर्ज नको, अन् पाणी बी पुरे झालं."

तेव्हापासून खोक्यात नंबर भरून ठेवायचे ठरलं. ज्याचा नंबर भरला त्याचाच फोन खोकं ऐकणार, आणि लाईट आली की त्यालाच फोन करणार. खोकं तयार झालं की आम्ही शेडच्या फोनचा नंबर भरून तपासायचं, मग तो पुसून गिऱ्हाईकाचा भरायचा.

* * *

कामाच्या वेळेत आमचे मोबाईल दारातल्या डब्यात जमा. आरू घरी काय करून राहिली, हे मला सकाळी नवापासून संध्याकाळी सहापर्यंत कळायचं नाही. जेवली का. हौदाजवळ गेली का. आत्याबाईंचा, म्हणजे सासूचा, डोळा लागला का.

तपासायच्या टेबलावर एक बारीक स्पीकर आहे. खोक्यानं फोन लावला की पलीकडचं त्यात ऐकू येतं. एके दिवशी मी शेडच्या फोनच्या जागी घरचा नंबर भरला. आत्याबाईंनी उचलला, दोन-तीनदा हॅलो म्हणाल्या, मागं आरू कोंबडीशी बोलत होती. मी नंबर पुसला आणि पुढचं खोकं घेतलं.

त्या दिवशी मी चौदा खोकी तपासली. चौदाही वेळा माझं लेकरू रडत नव्हतं.

सर खूश. सुमनबाईंना म्हणाले की हिच्याकडून शिका, ही एकेक खोकं किती मन लावून तपासते.

आत्याबाई मात्र संध्याकाळी म्हणाल्या, "दिवसभर फोन वाजून राहिला, कोण बाई काय बोलती, समजत बी न्हाई." मी सांगितलं की तपासणीचे फोन आहेत, कामाचे आहेत, उचलत जा. कामाचे म्हटल्यावर त्यांनी पुढं एकही फोन सोडला नाही.

* * *

खोक्यातला आवाज आधी बाहेरून भरून आणलेला होता. एकदम पुस्तकातली बाई. "आपला पंप कार्यान्वित झाला आहे." शेतकऱ्यांचे फोन यायला लागले की ती बाई काय म्हणती ते एकदा आमच्या भाषेत सांगा.

सरांनी ठरवलं, आवाज इथलाच भरायचा. सुमनबाईंचा आवाज फार मऊ, मोटरीच्या आवाजात ऐकू येईना. रुखसाना म्हणाली, "मोटर चालू हो गई जी," तर सर म्हणाले अर्धं मराठीत पाहिजे. माझी पाळी आली. आरूच्या मागं ओरडून ओरडून माझा आवाज पक्का झालेला. एका दमात भरला. "लाईट आली बगा." "मोटर चालू झाली बगा."

पंधरा दिवसांत एक बाई भावाला घेऊन शेडात हजर. हातात खोकं. भाऊ गप्प, बाई तापलेली. तिचं म्हणणं असं की रोज पहाटे पाचला तिच्या नवऱ्याला एका बाईचा फोन येतो, तो उठतो, चप्पल घालतो आणि रानात जातो. लग्नाला नऊ वर्षं झाली, तिच्या हाकेला तो कधी एका हाकेत उठला नाही.

सरांनी तिला खोकं लावून आवाज ऐकवला. तिनं ऐकला. मग आमच्या तिघींकडं आळीपाळीनं बघितलं.

"यातली कोण?"

मी मान खाली घातली. सुमनबाईंनी तिला पाणी दिलं. जाताना ती म्हणाली, "खोकं बदलून द्या. म्हातारीचा आवाज असलेलं द्या."

ते खोकं माझ्या दुसऱ्या खिळ्याला लागलं. आवाजापायी कुणाचा खिळा भरला असं सरांच्या पुण्याच्या कारखान्यातसुद्धा झालं नसेल.

* * *

दोन खिळे भरल्यावर माझा जीव थाऱ्यावर राहीना. एकेक पाय मी दोनदा बघायची. अशात एका दुपारी तपासणीला घरचा नंबर भरला आणि स्पीकरमधून आरूचं रडणं आलं. साधं नाही, किंचाळणं. आत्याबाईंचा आवाजच नाही.

मी उठले ती तशीच निघाले. डब्यातला मोबाईलसुद्धा घेतला नाही. मागून रुखसानानं विचारलं की हे खोकं झालं का, मी चालता चालता व्हय म्हणाले. रस्त्यावर एक ऑटो थांबवला. गाव चार किलोमीटर, तेवढ्यात मी विंचू, साप, हौद, चूल, सगळं बघून घेतलं.

दारात पोचले तर आरू परातीत बसलेली, डोक्याला साबणाचा फेस. आत्याबाई तिच्या मानेवर पाणी ओतत होत्या, उचललेला फोन शेजारी पाटावर तसाच ठेवलेला.

"काहून आली गं आता?"

"लेकरू रडत होतं."

"डोळ्यात साबण गेला तर रडंलच की. गाणं म्हणंल का?"

* * *

गेल्या महिन्यात पुसेगावकडचे एक काका मोटारसायकलवर आले. सोबत त्यांच्याच गावचे दोघं दुसऱ्या गाडीवर. काकांनी पोत्यातून खोकं काढून सरांच्या पुढ्यात ठेवलं. सरांनी झाकण उघडलं. आत फूल.

रुखसानानं माझ्या तिसऱ्या खिळ्याकडं बघितलं आणि लगेच दुसरीकडं बघितलं.

सरांनी विचारलं, बिघाड काय. काका म्हणाले की दोन महिने खोकं एक नंबर चाललं. अकराला लाईट आली की मोटर आपोआप चालू. त्यांना फोन लावायची गरजच पडली नाही. गावात सगळ्यांना सांगितलं, हे दोघं तसंच खोकं घ्यायला आलेत. आणि आता आठ दिवसांपासून आपोआप चालू होणं बंद झालं.

"काका, आपोआप चालू व्हायची सोयच यात नाही," सर म्हणाले. "कुणीतरी फोन लावल्याशिवाय मोटर चालू होत नाही."

"मग माझ्या हळदीला दोन महिने पाणी कुणी देलं?"

सरांनी खोकं टेबलावर लावलं आणि आतले नंबर बघितले. दोन निघाले. पहिला काकांचा. दुसरा काकांना ओळखू येईना. मला लांबूनच ओळखू आला. साबणाच्या दिवशीचं खोकं हेच. नंबर पुसायचा राहिला होता, आणि रुखसानानं माझ्या शब्दावर काकांचा नंबर भरून ते बांधून टाकलं होतं.

मी "सर" म्हणेपर्यंत त्यांनी शेडच्या फोनवरून तो नंबर लावला होता, स्पीकरवर.

"बोल," आत्याबाई म्हणाल्या.

"कोण बोलतंय?"

"फोन तू लावला न? तूच सांग."

सरांनी शेडचं नाव सांगितलं. आत्याबाईंचा आवाज एकदम बदलला. साहेब, म्हणाल्या, तुमच्या कामाचा एक बी फोन मी सोडला न्हाई. रोज अकराला फोन येतो, सुनबाई सांगती लाईट आली बगा. लेकरू फोन ओढून घेतं, त्याच नंबरला उलटा लावतं. मग तिची आई सांगती मोटर चालू झाली बगा. तेवढं ऐकलं की गुमान जेवतं.

सरांनी माझ्याकडं बघितलं, मग फोनकडं.

"मावशी, मग आठ दिवसांपासून?"

"अंगणवाडीत घातली न तिला. आता फोन येतो, पर लावायला लेकरूच घरी न्हाई."

सरांनी फोन ठेवला. चूक माझी, फूल माझं. कुणी सांगायच्या आत मी उठले, खोक्याची वायर काढली आणि तिसऱ्या खिळ्याकडं निघाले.

"माय, माझं खोकं तिकडं कुठं घेऊन चालली?" काका म्हणाले.

सर त्यांना समजावायला लागले की एक नंबर चुकून राहिला होता, तो आत्ता पुसतो, खोकं पहिल्यासारखं नीट होईल. काकांनी माझ्या हातातून खोकं घेतलं आणि पोत्यात घातलं.

"नंबराला हात लावू नका," ते म्हणाले. मग मला विचारलं, "अंगणवाडी कितीला सुटती?"

"एकला."

काकांनी पोत्याला गाठ मारली. लाईनमन सांगून गेलाय, म्हणाले, सोमवारपासून आमची लाईट दीडला येणार. जमतं.

त्यांच्यासोबतचा एक गडी तोंड पाडून उभा होता. तो सरांना म्हणाला, "माझी तर सकाळी दहालाच येती. मला दुसरं लेकरू बगा."