पक्कडचा झटका

तळ्याकाठी त्याला सगळे पक्कड म्हणत. बास मासे गळाला लागावेत म्हणून लाकडाचे नकली मासे कोरून विकणं हा त्याचा धंदा, आणि कुणाच्या अंगात गळ रुतला तर तो काढून देणं हा फुकटचा उद्योग. धंद्यात मात्र बेटा अट्टल. पाणी गढूळ असेल तर काळा मासा लाव, पोटात छर्रे खुळखुळणारा. निवळ असेल तर फिकट. गाठ आवळण्याआधी थुंकीने ओली कर. दोरी गुंडाळताना मध्येच थांब, बास त्या थांबण्यावरच झडप घालतो. एवढं सांगूनही कुणी वाद घातला, तर पक्कड त्याला कॉलर धरून बाहेर काढी. राग कायम नाकाच्या शेंड्यावर. एका नावाड्याचा जबडा त्याने भर दुकानात मोडला होता.

गळ काढताना मात्र तोच हात हलका होई. गळाच्या टोकाशी उलटा काटा असतो, सरळ ओढला तर मांस घेऊनच येतो. पक्कड गळाच्या वाकात दोरीचा फास अडकवी, दांडी कातडीवर दाबी आणि विचारी, "मासा केवढा होता रे?" माणूस उत्तर जुळवेपर्यंत झटका बसलेला असे.

ही विद्या त्याने फक्त लेकीला शिकवली. बायकोला दुकानात यायची सोय नव्हती. तिचा पुढचा दात पडलेला, हसताना ती तोंडावर हात धरी. धक्क्यावर पाय घसरला, असं पक्कड सगळ्यांना सांगे.

ती लेक एक दिवस काळानिळा डोळा घेऊन माहेरी आली. परत जायचं की नाही, हे तिने अजून सांगितलं नव्हतं. पक्कडने परस्पर ठरवून टाकलं, जायचं नाही, आणि जावई समोर आला तर त्याला उभा सोलायचा.

जावईबापू आले ते थेट दुकानात. पक्कड तेव्हा एका माशाला तीन तोंडांचा गळ बसवत होता आणि लेक शेजारी दोरी गुंडाळत होती.

"चल, गाडी उभी आहे," जावई तिला म्हणाला.

"तिला हात लावून बघ."

"नवरा-बायकोत होतं असं, मामा. तुम्हाला मी काय सांगू?"

आधी गळ खाली ठेवा, मग भांडा, असं गिऱ्हाइकांना बजावणारा हा माणूस नेमकं तेच विसरला. त्याने हातातल्या माशासकट जावयाच्या मुस्काटात भडकावली. गळाचं एक तोंड जावयाच्या गालात घुसलं, दुसरं पक्कडच्याच तळहातात. जावयाने त्याच्या पोटात गुद्दा हाणला, तेव्हा गाल फाटला आणि तळहातही. दोघे ओरडत काउंटरवर आदळले, काच फुटली, रक्त कुणाचं ते कळेना. पक्कडने मोकळ्या हाताने त्याचं नाक फोडलं, पण त्या धक्क्याने त्याचाच तळहात आणखी उसवला. शेवटी दोघांना न हलता उभं राहावं लागलं. लांबून बघणाऱ्याला वाटलं असतं, सासरा जावयाचा गाल कुरवाळतोय.

लेकीने गालात घुसलेलं तोंड गळाच्या दांडीपासून कापून दोघांना वेगळं केलं. नवऱ्याच्या गालातलं टोक तिने पुढे ढकलून बाहेर काढलं, उलटा काटा छाटला आणि उरलेला तुकडा मागे ओढला. तो किंचाळला. "मी येणार नाही," ती म्हणाली, "आता जा." गालावर फडकं दाबून तो गेला.

मग तिने बापाचा हात समोर घेतला. गडबड ऐकून आई दारात येऊन उभी राहिली होती.

"शाबास पोरी," पक्कड धापा टाकत हसला. "असल्यांना हीच भाषा कळते."

तिने दोरीचा फास अडकवला, दांडी दाबली.

"हं, विचार की," तो म्हणाला.

"बाबा, आईचा दात कसा पडला?"

त्याने तोंड उघडलं, आणि झटका बसला. गळ बाहेर आला. जरासुद्धा दुखलं नाही, लेकीचा हात अगदी बापाच्या वळणाचा होता. त्याने दाराकडे पाहिलं. आईने आज तोंडावर हात धरला नव्हता. दोघी उत्तराची वाट बघत होत्या.